नाकाच्या भरवशावर

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग इथून जातो, आणि समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला आहे. तरी तालुक्याची ओळख शेतीचीच: सोयाबीन, तूर, हरभरा आणि विहिरींच्या पाण्यावरचं ओलित. हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की अशा गावांत दिल्लीच्या धुरक्याबद्दल बोललं जातं आणि आपली हवा चोख आहे असं समाधान मानलं जातं. उघड्या रानातल्या हवेबद्दल ते बरंचसं खरंही आहे. पण विषारी वायूला जीव घ्यायला शहर लागत नाही. चार भिंती आणि लावलेलं दार पुरतं, किंवा चाळीस फूट खोल खड्डा.

रस्त्यावरचा ट्रक जेवढा वायू ओकतो, त्याच्या अगदी थोड्या हिश्शाने एका लहान खोलीतला माणूस दगावू शकतो, कारण रस्त्यावर तो पांगतो आणि खोलीत साचतो. प्रौढ माणूस दिवसाला साधारण १० ते १२ हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेत काय आहे हे आपण ठरवतो ते बहुतेक नाकाने, आणि खेड्यातल्या सगळ्यांत घातक वायूंच्या बाबतीत नाक एकतर मुकं असतं किंवा ऐन वेळी मुकं होतं. म्हणून सुरुवात चिमणीपासून न करता विहिरीपासून करू.

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एक मांजर पडीक विहिरीत पडलं. विहिरीत पाणी नव्हतं, जनावरांच्या शेणाची मळी साठवलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. सहाव्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून त्याला वर ओढता आलं.

या घटनेत वेडं धाडस नव्हतं. आपलं माणूस डोळ्यांसमोर कोसळलं की मागचा विचार न करता उतरणं हे माणसाचं सहज वागणं आहे, आणि वायू नेमका तिथेच घात करतो. बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच नोंदवलं होतं की अशा दुर्घटनांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक आधीच्याला वाचवायला गेलेले असतात.

शेण, पालापाचोळा, मैला या गोष्टी हवा न लागता कुजल्या की त्यांतून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतात. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, हायड्रोजन सल्फाइडही हवेपेक्षा जड. वाऱ्याची झुळूक तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे हे वायू तळाशी थर धरून बसतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही तो कळतो. पण हवेच्या १० लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की वास घेणारी नस बधिर होते. माणसाला वाटतं, वास गेला, म्हणजे वायू निघून गेला. प्रत्यक्षात प्रमाण वाढलेलं असतं. पुढे ते ७०० ते १,००० भागांपर्यंत गेलं तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, कारण हा वायू पेशींमधली ऑक्सिजन वापरणारी यंत्रणाच बंद पाडतो. फुप्फुसात हवा असते, रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

वऱ्हाडातल्या विहिरी बहुतेक काळ्या पाषाणात खोदलेल्या. एप्रिल-मे महिन्यात पाणी तळाला जातं, मग गाळ काढणं, खोली वाढवणं ही कामं निघतात. इथे आणखी दोन धोके येतात. सुरुंग लावून पाषाण फोडला की त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही. दुसरा धोका डिझेल इंजिनाचा. काठावर ठेवलेला पंप पंचवीसेक फुटांपेक्षा खालचं पाणी ओढू शकत नाही, ती हवेच्या दाबाची मर्यादा आहे. म्हणून पाणी खोल गेलं की इंजिनच विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवलं जातं. ते तासभर चाललं की विहीर धुराने भरते, आणि इंजिन बंद करायला किंवा पंपाचा फुटव्हॉल्व्ह साफ करायला उतरणारा माणूस सरळ त्या धुरात जातो.

कंदील सोडून बघायची जुनी रीत चांगली आहे, पण ती अर्धीच आहे. हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. म्हणजे कंदील विझला तर उतरायचं नाही हे नक्की. पण कंदील जळत राहिला म्हणजे खाली धोका नाही, असा उलटा अर्थ काढता येत नाही. माणसाला मारायला पुरेसा कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड असलेल्या हवेतही ज्योत खुशाल जळते. जिथे मिथेन असण्याची शक्यता आहे, म्हणजे शेणमळीचा खड्डा किंवा संडासची टाकी, तिथे तर ज्योत नेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. विहिरीत उतरण्याआधी पंख्याने किंवा ब्लोअरने तळापर्यंत बराच वेळ हवा सोडावी, उतरणाऱ्याच्या छातीला आणि कमरेला दोर असावा, दोराचं दुसरं टोक वर दोन-तीन जणांच्या हातात असावं. खालचा माणूस हाकेला ओ देईनासा झाला तर दोर ओढायचा. दुसऱ्याने उतरायचं नाही. ओल्या फडक्याने नाक बांधून या वायूंपासून बचाव होत नाही, आणि कोविडच्या काळातल्या मास्कनेही होत नाही.

संडासच्या टाकीलाही हेच लागू. माणसाला टाकीत उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूत कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. नवं शौचालय बांधताना एका मोठ्या टाकीऐवजी दोन शोषखड्डे घेतले, आणि भरलेला खड्डा वर्षभर बंद ठेवला, तर आत निरुपद्रवी खत तयार होतं. टाकीत कुणी उतरायचा प्रश्नच राहत नाही. गावाने हा पर्याय निवडावा असं मला कळकळीने वाटतं.

आता घरात येऊ. बाळंतिणीची खोली. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. आईच्या आणि बाळाच्या काळजीपोटीच हे सगळं केलं जातं. पण निखारा धूर न करता धुमसतो तेव्हाच सर्वाधिक कार्बन मोनॉक्साइड सोडतो. धूर संपला, आता त्रास नाही, असं आपल्याला वाटतं, आणि या वायूला ना वास, ना रंग, ना डोळ्यांना चुरचुर.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी घट्ट चिकटतो. गाडीतल्या जागा फुकट्या प्रवाशांनी अडवाव्यात आणि तिकीटवाले फलाटावरच राहावेत, तसं होतं. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, चक्कर, हातापायांतलं बळ जाणं, आणि झोप. झोपेत असलेल्या माणसाला तर आधीची लक्षणं कळतही नाहीत. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आईच्या हिमोग्लोबिनपेक्षाही जास्त धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. त्यामुळे गरोदर बाईला नुसती डोकेदुखी झाली असेल तेव्हा बाळाची अवस्था अधिक गंभीर असू शकते.

हे ज्ञान आपल्याला मिळालं त्यात जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १८९५ मध्ये त्याने स्वतःच मोजून-मापून कार्बन मोनॉक्साइड श्वासात घेतला आणि आपल्या शरीराचं काय होतं ते लिहून ठेवलं. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की बहुतेक माणसं भाजून मरत नाहीत, स्फोटानंतर पसरलेल्या या वायूने मरतात, हे त्याने दाखवून दिलं. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना त्याचीच. इवल्याशा पक्ष्याचा श्वसनाचा वेग माणसापेक्षा खूप जास्त, त्यामुळे तो आधी कोलमडतो आणि खाणकामगारांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये हटले, त्यांची जागा यंत्रांनी घेतली. जिथे मानवी नाकाचा उपयोग नाही तिथे दुसरं काहीतरी हवं, हे शंभर वर्षांपूर्वी मान्य झालेलं आहे. असा वायू ओळखून घंटा वाजवणारी छोटी यंत्रं आता बाजारात मिळतात.

कोविडनंतर आशाताईंकडे, कित्येक घरांतही, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. या विषबाधेत तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, त्यामुळे साधं यंत्र त्यालाही ऑक्सिजनवालंच समजतं आणि ९८ आकडा दाखवतं. माणूस मात्र गुदमरत असतो. म्हणून आकड्यापेक्षा प्रश्न विचारणं महत्त्वाचं: खोलीत शेगडी होती का? न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता का? घरातल्या आणखी कुणाचं डोकं दुखतंय का? एकाच घरातल्या तिघांना एकाच वेळी ‘पित्त’ होत नाही. मोकळ्या हवेत आणल्यावर रक्तातला निम्मा वायू निघून जायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा, ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबायचं नाही. बाळंतिणीला ऊब हवीच असेल तर शेगडी बाहेर पेटवून गरम कपड्याने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेक देता येतो.

चुलीची गोष्ट याहून संथ आहे. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या हे इथलं सरपण, शेतातूनच येणारं आणि पैसे न मोजता मिळणारं. त्याच्या धुरात बारीक कण असतात, त्यांच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड आणि बेंझीन असतात. फॉर्माल्डिहाइड डोळ्यांतून पाणी काढतो. बेंझीनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाक-घशाच्या ओलाव्यात तो अडत नाही, खोल फुप्फुसापर्यंत जातो आणि तिथली नाजूक अस्तरं दुखावतो. लहान मुलांना वारंवार होणारा खोकला-कफ आणि दम्याचे झटके यांत त्याचा हात असतो.

कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात काय जातं ते मोजलं, तेव्हा स्वयंपाकघरातली हवा हा आरोग्याचा विषय आहे हे जगाला कळायला सुरुवात झाली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, तर जैव सरपणाच्या धुरात जगणारे सुमारे ३०० कोटी. फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार म्हणजे विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत त्यामुळे मागे पडायला हवी होती. अजून पुरती पडलेली नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या, आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईला धाप लागते तेव्हा तिला ‘वय झालं’ असं सांगितलं जातं. तिची फुंकर मारून घेण्याची साधी तपासणी, स्पायरोमेट्री, झाली पाहिजे. घरगुती धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गावोगावी पोचला. तो फार मोठा फरक आहे. पण पहिलं कनेक्शन मिळणं वेगळं आणि पुढचा १४.२ किलोचा सिलिंडर दर वेळी विकत घेणं वेगळं. हंगामाच्या मधल्या काळात हातात पैसा नसला की चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. दोन्ही असलेल्या घरातली फुप्फुसं निम्मीच सुटलेली असतात. चूल ठेवायचीच असेल तर ती पडवीत किंवा अंगणात घेणं, आणि स्वयंपाकघराच्या वरच्या बाजूला धूर निघायला मोकळी जागा ठेवणं, एवढ्यानेही श्वासातलं विष बरंच कमी होतं. गॅसच्या शेगडीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तेव्हा खिडकी तिथेही हवी.

धान्याच्या खोलीतला वायू याहून झटपट मारतो. वर्षाचे गहू, तूर किंवा विक्रीसाठी थांबवलेलं सोयाबीन किडू नये म्हणून पोत्यांमध्ये गोळ्या ठेवल्या जातात. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला दमटपणा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. गोदामात ताडपत्री घट्ट लावून, माणसांना आठवडाभर दूर ठेवून वापरण्याची ही वस्तू. कायद्यानुसार ती सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक कीडनियंत्रकाच्या देखरेखीतच वापरायची आहे. प्रत्यक्षात दोन खोल्यांच्या घरात पोती रचलेली असतात आणि त्याच खोलीत, निदान शेजारच्या खोलीत, मुलं झोपलेली असतात. बाजारातल्या गोळीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण तो प्रत्येकाला, प्रत्येक वेळी येईलच असं नाही, आणि झोपलेल्याला तर नाहीच. फॉस्फीनही पेशीची ऑक्सिजन वापरण्याची शक्ती मारतो. सगळ्यांत जास्त फटका हृदयाला बसतो. यावर उतारा नाही. डॉक्टर हृदय आणि श्वास सांभाळतात, बाकी शरीराच्या झुंजीवर. उलट्या, छातीत दडपण, थंड पडलेले हातपाय अशी लक्षणं दिसली तर घरात गोळ्या ठेवल्या होत्या हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं. राहत्या घरात या गोळ्या आणूच नयेत. धान्य चांगलं कडक वाळवणं, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावणं, कडुनिंबाचा पाला, हवाबंद पिशव्या, हे उपाय जुने-नवे दोन्ही आहेत आणि कुणाचा जीव घेत नाहीत.

मग उघड्या हवेचं काय? शेजारच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यात, पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे; २५० मेगावॅटचे दोन संच. कोळशात गंधक असतं, जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे नाक-घशातच झोंबतो. दम्याच्या माणसाच्या नळ्या तो काही मिनिटांत आवळतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराची चादर चार-पाच दिवस बसली, तेव्हा सुरुवातीच्या मोजणीतच सुमारे ४,००० बळी धरले गेले. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा १२ हजारांपर्यंत नेला. उंच चिमणीने वायू वर सोडला की पायथ्याच्या गावाची सुटका होते, पण हवेत असताना तो सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो आणि शेकडो किलोमीटर जातो. तो अडवायची यंत्रं बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट देण्यात आली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. कण मोजायचे आणि ज्यापासून ते होतात तो वायू सोडून द्यायचा, याने आजार कमी होणार नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला तो शहरांसाठी. त्याच्या यादीत अकोला आहे, अमरावती आहे, चंद्रपूर आहे, खेडी नाहीत. नायट्रोजन डायऑक्साइडची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १०. पण मर्यादा ओलांडली की नाही हे कळायला आधी मोजणारं यंत्र जवळपास हवं.

ओझोनच्या बाबतीत तर खेड्यांकडे पाहायलाच हवं. हा वायू कुठल्याही नळीतून बाहेर पडत नाही. वाहनांचे आणि कारखान्यांचे नायट्रोजन ऑक्साइड, इंधनाची वाफ आणि कडक ऊन यांच्या मेळातून तो हवेतच तयार होतो. शहरात ताजा धूर त्याला लगेच खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर बाहेर आलेल्या हवेत तो टिकतो. त्यामुळे शहरापासून लांबच्या शेतात ओझोन शहरापेक्षा जास्त भरू शकतो. आठ तासांच्या सरासरीची मर्यादा आपली आणि जागतिक आरोग्य संघटनेची सारखीच आहे, १०० मायक्रोग्रॅम. तो वाढला की खोल श्वास घेताना छातीत दुखतं, कोरडा खोकला येतो, दमेकऱ्यांना पंप जास्त लागतो. सोयाबीन आणि गहू ही पिकंही ओझोनला हळवी आहेत, पानांवर करपल्यासारखे ठिपके पडतात आणि दाणा कमी भरतो. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या दुपारी, उन्हाच्या सर्वांत कडक तासांत आणि त्यानंतर दोन-तीन तास, ओझोन सर्वाधिक असतो. दमा, हृदयविकार किंवा सीओपीडी असलेल्यांनी शेतातली अंगमेहनत सकाळी दहाच्या आत उरकावी ती नुसत्या उन्हासाठी नव्हे, या वायूसाठीही. कारण त्याला बंद खोली लागत नाही, आणि दुपारच्या धुळीत, घामात त्याचा वास कुणाला येत नाही.